राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा : समान गुणांचा नियम प्रवेशाआधी वाचा

राष्ट्रीय स्पर्धेत उतरू पाहणाऱ्या खेळाडूला घड्याळाचे, मोहऱ्याला हात लावण्याचे आणि डाव लिहिण्याचे नियम ठाऊक आहेत, असे मी गृहीत धरते. बहुतेकांकडून वाचायचा राहतो तो माहितीपत्रकाच्या शेवटाकडे असलेला एक परिच्छेद : समान गुण झाल्यास क्रमवारी कशी लावली जाईल. माझी निवड त्या परिच्छेदापाशी हुकली आणि त्या दिवशीचा गुणतक्ता मला अजून पाठ आहे.

अशा स्पर्धा बहुधा स्विस पद्धतीने होतात. ही पद्धत १८९५ साली झुरिचमध्ये प्रथम वापरली गेली. प्रत्येक फेरीत साधारण सारखे गुण असलेले खेळाडू समोरासमोर येतात, त्यामुळे ५१२ खेळाडू असले तरी ९ फेऱ्यांनंतर सर्व डाव जिंकलेला खेळाडू फार तर एकच उरतो. त्याच्या खाली मात्र ६ किंवा ६.५ गुणांवर मोठा घोळका जमतो आणि बक्षिसाच्या व निवडीच्या शेवटच्या जागा त्या घोळक्यातूनच भरायच्या असतात.

तेथे निकाल लावण्यासाठी सर्वाधिक वापरला जाणारा निकष म्हणजे बुकहोल्झ, म्हणजेच तुमच्या सर्व प्रतिस्पर्ध्यांनी स्पर्धेअखेर मिळवलेल्या गुणांची बेरीज. समजा, दोन खेळाडूंचे ९ पैकी ६.५ गुण झाले. एक पहिल्याच फेरीत हरला आणि मग खालच्या पटांवरून, म्हणजे कमी गुणांच्या खेळाडूंशी खेळत, जिंकत वर आला. दुसरा सुरुवातीपासून वरच्या पटांवर खेळला. पहिल्याच्या प्रतिस्पर्ध्यांची बेरीज ३८ भरली आणि दुसऱ्याच्या प्रतिस्पर्ध्यांची ४५, तर गुण सारखे असूनही दुसरा वर जातो. शेवटच्या फेरीत बरोबरी पुरेल की विजयच हवा, हे ठरवण्यापूर्वी आपली बेरीज इतरांच्या तुलनेत कोठे आहे हे पाहिलेच पाहिजे. काही ठिकाणी सर्वांत कमी गुणांचा प्रतिस्पर्धी वगळून बेरीज करतात, काही ठिकाणी आपसातील डावाचा निकाल आधी पाहतात, तर काही ठिकाणी सॉनेबॉर्न-बर्गर लावतात, ज्यात हरवलेल्या प्रतिस्पर्ध्यांचे पूर्ण आणि बरोबरी केलेल्यांचे अर्धे गुण धरले जातात. हे निकष कोणत्या क्रमाने लागतील, हे प्रत्येक स्पर्धेत नव्याने वाचावे लागते.

सुरुवातीला मुद्दाम अर्धा गुण सोडून सोपे प्रतिस्पर्धी मिळवावेत, असा सल्ला देणारे मार्गदर्शक आजही भेटतात. तो सल्ला ऐकू नका. त्या वाटेने गुण कदाचित सारखे होतील, पण समान गुणांच्या गटात तुम्ही बहुधा तळाशी राहाल. विश्रांतीसाठी घेतलेल्या अर्ध्या गुणाच्या बायचेही, म्हणजे न खेळता अर्धा गुण मिळणाऱ्या फेरीचेही, असेच आहे, कारण न खेळलेल्या फेरीचा हिशेब वेगळ्या रीतीने होतो. ओपनिंगच्या वीस-वीस चाली पाठ करून घेणाऱ्या, पण स्पर्धेचे माहितीपत्रक कधी न उघडणाऱ्या प्रशिक्षकापेक्षा नियम समजावणारा एखादा अनुभवी पंच नवख्याला अधिक उपयोगी पडतो, असे माझे ठाम मत आहे.

मात्र याने धास्तावू नये. जुन्या प्रतिस्पर्ध्यांचे पुढचे निकाल तुमच्या हातात नसतात. त्यांच्यामुळे जागा हुकली तर तुमचा खेळ कमी ठरत नाही.

आयोजनाची जबाबदारी घेणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे की, निकषांचा क्रम पहिल्या फेरीपूर्वी लेखी जाहीर करावा आणि नंतर त्यात कोणताही बदल करू नये. उशिरा येण्याची मुभा किती, हेही आधीच लिहावे. फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, नियमांनुसार तसा उल्लेख नसेल, तर ती मुभा शून्य मिनिटे धरली जाते. परवानगीविना खेळाडूकडे मोबाइल सापडल्यास डाव जातो, म्हणून मोबाइल जमा करण्याची सोय सभागृहाबाहेरच असावी.

प्रवेशअर्ज भरताना फिडे क्रमांक, जन्मतारीख आणि मानांकन तपासून घ्या. स्पर्धा सुरू झाल्यावर प्रत्येक फेरीनंतर लावलेल्या यादीत आपला निकाल बरोबर नोंदला आहे का, ते पाहा. एक चुकीची नोंद तुमच्या गुणांबरोबर तुमच्याशी खेळलेल्या प्रत्येकाची बेरीज बदलते, म्हणून ती पुढील फेरीच्या जोड्या लागण्यापूर्वीच पंचांच्या निदर्शनास आणून द्यावी.