गाडी सुरू होत नाही? पाना उचलण्याआधी या चुका टाळा

‘गाडी स्टार्ट होत नाही’ ही तक्रार घेऊन कोणी आले की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : सेल्फ मारल्यावर नेमका कोणता आवाज येतो? बहुतेकांना त्याचे उत्तर देता येत नाही; पण तोवर त्यांनी बॅटरी बदललेली असते, प्लग काढून पाहिलेले असतात आणि एखाद-दुसरा सेन्सरही मागवून ठेवलेला असतो. सेल्फच न फिरणे आणि सेल्फ नीट फिरूनही इंजिनाने न पकडणे, हे दोन वेगवेगळे बिघाड आहेत. पहिल्यात बॅटरी, जाड तारा, स्टार्टर (म्हणजेच सेल्फची मोटर) आणि त्याच्यापर्यंत हुकूम पोहोचवणारे स्विच व रिले (विजेवर चालणारे छोटे स्विच) तपासायचे असतात. दुसऱ्यात इंधन, ठिणगी आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी व व्हॉल्व्ह यांची वेळ. सेल्फ हूं की चूं करत नसताना पेट्रोलचा पंप उघडून बसलेला माणूस पाहिला की मला त्याच्या हातातला पाना काढून घ्यावासा वाटतो.

आवाज ऐकण्याची सवय लावून घेतली की निम्मे काम बॉनेट न उघडता होते. झपाट्याने कट-कट-कट असा आवाज आला, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनलचा, म्हणजे बॅटरीच्या खुंटावरच्या तारेचा, जोड नीट नाही : सॉलिनॉइड (स्टार्टरला वीज जोडणारा चुंबकी स्विच) ओढला जातो, त्याच क्षणी व्होल्टेज कोसळते, तो सुटतो आणि पुन्हा ओढला जातो. एकच ठाम ‘टक’ येऊन सारे थंड पडले, तर सॉलिनॉइडने आपले काम केले असून मोटर फिरलेली नाही, असे समजावे. दिवे नीट लागत असताना काहीच आवाज आला नाही, तर ऑटोमॅटिक गाडीचा लिव्हर ‘पार्क’ किंवा ‘न्यूट्रल’मध्ये नीट बसला आहे का आणि मॅन्युअल गाडीत क्लच तळापर्यंत दाबला आहे का, हे आधी पाहावे. क्लचच्या स्विचखाली सरकलेल्या पायपुसण्यामुळे ‘बंद पडलेली’ गाडीही मी पाहिलेली आहे. आणि सेल्फ नेहमीपेक्षा हलका, एकसुरी आणि फार वेगाने फिरू लागला, तर तिथेच थांबावे. टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या तालावर व्हॉल्व्ह हलवणारा पट्टा) तुटल्यामुळे काँप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, नाहीसे झाल्याचे ते लक्षण असू शकते आणि काही इंजिनांमध्ये अशा वेळी सेल्फ मारत राहिल्यास व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात.

आता माझ्या विशेष नावडीच्या चुकीकडे येतो. ‘हेडलाइट लख्ख लागतात, म्हणजे बॅटरी आणि वायरिंग ठीक आहे’ हा युक्तिवाद ऐकायला पटतो, पण तो चुकीचा आहे. हेडलाइटचे 55 वॅटचे दोन बल्ब मिळून साधारण 9 अँपिअर घेतात, तर स्टार्टर सहज 150 अँपिअर किंवा त्याहून अधिक ओढतो. टर्मिनलवर साचलेल्या पांढऱ्या-हिरव्या थरामुळे वाटेत केवळ 0.02 ओहम अडथळा निर्माण झाला, तर दिव्यांपर्यंत जाताना 0.2 व्होल्टसुद्धा कमी होत नाहीत. मात्र स्टार्टरच्या वाट्याचे 3 व्होल्ट त्या थरातच संपतात. दिवे लागतात आणि सेल्फ कण्हतो, याचे कारण एवढेच.

काही वर्षांपूर्वी एका परिचितांची गाडी माझ्याकडे आली, तेव्हा तिला लागोपाठ दोन नव्या बॅटऱ्या आणि एक नवा स्टार्टर बसवून झाला होता. तरीही सकाळी चावी फिरवली की ‘टक’ होई आणि चार-पाच प्रयत्नांनंतर कधी तरी इंजिन लागे. मालकांचे ठाम मत होते की तिसरी बॅटरी मोठ्या क्षमतेची घ्यावी. मी मल्टीमीटर बॅटरीच्या दोन्ही खुंटांवर लावला, 12.6 व्होल्ट, म्हणजे बॅटरी भरलेली. मालकांना सेल्फ मारायला सांगितले आणि आकडा 12.2 च्या खाली उतरला नाही. इथेच खरा सुगावा होता. सेल्फ ओढत असताना चांगल्या बॅटरीचे व्होल्टेजसुद्धा 10-11 च्या आसपास उतरते; ते जागेवरच राहिले, याचा अर्थ बॅटरीला कोणी काम सांगितलेच नव्हते, विजेची वाट मध्येच कुठे तरी अडली होती. मग काळी तार बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर आणि लाल तार इंजिनाच्या उघड्या धातूवर धरून पुन्हा सेल्फ मारायला लावला. त्या जागी 0.2-0.3 व्होल्टच्या वर आकडा जाता कामा नये. तो 4 च्या पुढे गेला.

इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेल्या तांब्याची अर्थिंगची (विजेच्या परतीच्या वाटेची) पट्टी गिअरबॉक्सच्या कडेला खाली होती. वरून ती शाबूत दिसत होती. पण बोल्ट सोडताच वॉशरखालून हिरवी भुकटी सांडली आणि पट्टीच्या टोकाचे बरेचसे धागे हातातच आले. नवी पट्टी टाकली, बोल्टखालची जागा चकाकेपर्यंत घासली आणि गाडी पहिल्या सेल्फला लागली. दोन बॅटऱ्या आणि स्टार्टर यांचा खर्च मालकांनी मला पुन्हा कधी विचारला नाही, मीही काढला नाही. ज्यांना निदानापेक्षा सुटे भाग बदलणे सोपे वाटते, त्यांच्याविषयी माझे मत त्या दिवसापासून फारसे सौम्य राहिलेले नाही.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. गाडी काही तास उभी असताना बॅटरी मोजतो : 12.6 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे जवळपास अर्धी, 12 च्या खाली गेली तर आधी चार्जिंग, बाकीचे नंतर. नुकत्याच चालून आलेल्या गाडीचा आकडा फसवा असतो, त्यामुळे घाई असेल तर दोन मिनिटे हेडलाइट लावून मग मोजतो. त्यानंतर सेल्फ मारताना मोजतो, साधारण 9.6 च्या खाली घसरण झाली, तर भरलेली दिसणारी बॅटरीही आतून थकलेली असते. शेवटी टर्मिनल काढून, वरवर न पुसता, खुंट आणि क्लॅम्पची आतली बाजू घासतो. काढताना आधी निगेटिव्ह आणि लावताना निगेटिव्ह शेवटी, म्हणजे पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही.

दुसरी चूक अधीरपणाची आहे. इंजिन पकडत नाही म्हणून अर्धा-अर्धा मिनिट सेल्फ मारत राहणारे लोक बॅटरी संपवतात, स्टार्टर तापवतात आणि मूळ बिघाडात आणखी एकाची भर घालतात. एका वेळी फार तर दहा सेकंद, आणि मधे किमान अर्धा मिनिट विश्रांती, हा माझा नियम आहे. पेट्रोलचा वास येत असेल तर प्लग भिजलेले असण्याची शक्यता आहे. इंजेक्शनच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांमध्ये ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरून सेल्फ मारला, की इंधन बंद राहते आणि सिलिंडर कोरडे होतात. वास अजिबात नसेल तर चावी ‘ऑन’वर आणून मागच्या सीटकडे कान द्यावा, पंपाचा दोन-तीन सेकंदांचा गुणगुणता आवाज आला नाही, तर फ्यूज आणि रिलेपासून सुरुवात करावी. या टप्प्यावर मी स्वतः एकदा पंपाच्या तारा उलगडत दुपार घालवली होती आणि टाकी रिकामी निघाली. काटा पावभरावर अडकलेला होता. त्यानंतर मी आधी थोडे इंधन ओततो. डिझेलच्या गाडीत हीटर प्लगचा (सिलिंडर आधी तापवणाऱ्या प्लगचा) दिवा विझण्याआधीच सेल्फ मारणाऱ्यांनी थंडीत गाडीला बोल लावू नयेत.

डॅशबोर्डवर चावीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकत असेल, तर गाडी चावीच ओळखत नसण्याची शक्यता असते; यंत्राला हात लावण्याआधी दुसरी चावी वापरून पाहावी. बटणाच्या गाड्यांमध्ये रिमोटचा सेल संपलेला असला, तरी रिमोट बटणाला टेकवून किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या जागी ठेवून गाडी सहसा लागते.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची मदत घेण्यासाठी जम्पर केबल लावताना लाल तार आधी उतरलेल्या आणि मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी तार चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनावरील उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर जोडावे. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीची वाट पाहत असतो. केबल लावल्या लावल्या सेल्फ मारू नये, पाच मिनिटे थांबावे.

अल्टरनेटर (चालू इंजिनावर बॅटरी भरणारे जनित्र) तपासण्यासाठी इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल ओढून काढणे ही जुनी शहाणपणाची युक्ती आता मूर्खपणाची आहे; व्होल्टेजचा झटका गाडीतल्या संगणकालाही घेऊन जातो. चालू इंजिनावर बॅटरीजवळ 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसले, की अल्टरनेटर सहसा ठीक असतो.

वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज घालू नये. ऑटोमॅटिक गाडीला धक्का मारू नये, ती लागणार नाही. पाण्यातून येऊन बंद पडलेल्या इंजिनाला सेल्फ मारू नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनचा दांडा) वाकतो. चुकीचे इंधन भरले गेले असेल, तर चावी ‘ऑन’सुद्धा करू नये.

स्कॅनरने (गाडीच्या संगणकातली बिघाडाची नोंद वाचणाऱ्या यंत्राने) दाखवलेला कोड म्हणजे बदलायच्या भागाचे नाव नव्हे, हे मात्र सविस्तर सांगायला हवे. क्रँक सेन्सरचा (इंजिन फिरत असल्याचे संगणकाला सांगणाऱ्या सेन्सरचा) कोड आला तर सेन्सरइतकीच त्याची तार, तारेच्या जोडणीतली पिन आणि सेल्फ मारताना कोसळलेले व्होल्टेजही संशयित असतात. तापल्यावर बंद पडून थंड झाल्यावर लागणाऱ्या गाडीत या सेन्सरवर माझा पहिला संशय असतो, पण असा बिघाड तपासणाऱ्यासमोर हमखास गायब होतो. त्यामुळे मी सगळ्यांना सांगतो, की पुढच्या वेळी गाडी अडली की मोबाइल डॅशबोर्डसमोर धरून सेल्फचा आवाज आणि लागलेले दिवे असा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून आणावा, आणि त्या वेळी तापमानाचा काटा कुठे होता तेही त्यात दिसू द्यावे.