पेन ज्याला अडलंय त्याच्या हातात: मुलांनी एकमेकांना रसायनशास्त्र कसं शिकवावं

कोपरीतल्या आमच्या सोसायटीच्या ऑफिसात दर बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी नववी-दहावीची पाच मुलं रसायनशास्त्र घेऊन बसतात. शिकवणीला सर नाहीत, फी नाही. मी कोपऱ्यात भाजी निवडत बसते आणि विचारलं तरच बोलते. लग्नाआधी चार वर्षं मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत टायट्रेशनं केली आहेत, त्यामुळे पहिल्या वर्षी मीच फळ्यापाशी उभी होते. छान शिकवायचे. मुलं माना डोलवायची. मग शाळेची चाचणी झाली आणि पाचातल्या चौघांनी सोडियम क्लोराइडचं म्हणजे मिठाचं सूत्र ‘एन ए सी एल’ऐवजी ‘एन ए सी एल टू’ लिहून आणलं, कारण क्लोरीन वायू ‘सी एल टू’ असतो हे मीच ठासून सांगितलं होतं. त्या दिवशी मी खडू ठेवला. आता मुलंच एकमेकांना शिकवतात आणि ते बरं चाललंय. तुम्हाला तुमच्या इमारतीत, वाडीत किंवा वर्गात हे करायचं असेल तर असं करा. (सूत्रं मी मुलं बोलतात तशीच लिहिली आहेत.)

आधी माणसं आणि वेळ

तीन ते पाच जण पुरे. सहावा आला की दोन गप्पांचे अड्डे होतात. सगळे हुशार नकोत आणि सगळे अडलेलेही नकोत. शिकवायला सगळ्यात चांगला तो, ज्याला तीच गोष्ट गेल्या महिन्यात अडली होती. आपण कुठे ठेचकाळलो ते त्याच्या ताजं लक्षात असतं. वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीला बरेचदा सांगताच येत नाही, कारण तिला ते कधी अवघड गेलेलंच नसतं.

पाऊण तास पुरे. मोबाइल एका डब्यात. बस.

‘केमिस्ट्री येत नाही’ हा प्रश्न नव्हे

येणाऱ्याने आपला प्रश्न घरूनच एका ओळीत लिहून आणायचा आणि त्याखाली दुसरी ओळ, ‘मला इथपर्यंत कळलं’. उदाहरणार्थ: ‘ॲल्युमिनियम ऑक्साइडचं सूत्र कसं काढायचं? ॲल्युमिनियमची संयुजा 3, ऑक्सिजनची 2, इथपर्यंत कळलं.’ (संयुजा म्हणजे अणूची जोडले जाण्याची क्षमता.) ही दुसरी ओळ लिहिता लिहिताच निम्म्या शंका सुटतात. आमच्याकडचा वॉचमनकाकांचा मुलगा तर आठवड्याआड जिन्यातून परत फिरतो. ‘काकू, सुटलं’ म्हणतो आणि क्रिकेटला जातो.

इथेच भाषेची गाठही सोडवून घ्या. आपल्याकडे एकाच जिन्यात मराठी माध्यम, सेमी-इंग्रजी आणि सीबीएसई अशी तिन्ही मुलं असतात. एक ‘संयुजा’ म्हणतो, दुसरी ‘व्हॅलन्सी’, आणि दोघांनाही वाटतं समोरच्याचा धडा वेगळा आहे. एका वहीत दोन रकाने आखा: संयुजा–व्हॅलन्सी, मूलद्रव्य–एलिमेंट, संयुग–कंपाउंड, आम्लारी–बेस, क्षार–सॉल्ट, अवक्षेप–प्रेसिपिटेट. ‘क्षार’वर जास्त थांबा, कारण घरी क्षार म्हणजे बोअरच्या पाण्याने बादलीवर चढणारा पांढरा थर आणि पुस्तकात क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या उदासिनीकरणातून पाण्याबरोबर मिळणारं संयुग. या एका शब्दाने आमची एक आख्खी संध्याकाळ खाल्ली आहे.

पेनचा नियम

सगळ्या पद्धतीत मला हा एकच नियम खरा महत्त्वाचा वाटतो. ज्याला अडलंय, पेन त्याच्याच हातात राहील. शिकवणाऱ्याने लिहायचं नाही, खोडायचं नाही, ‘थांब, दाखवतो’ म्हणून वही ओढायची तर मुळीच नाही. त्याने फक्त विचारायचं: ‘हे 2 कुठून आलं?’ ‘हा आकडा अणूंचा की रेणूंचा?’

आणि ‘कळलं का?’ असं विचारायचं नाही. या प्रश्नाला महाराष्ट्रात आजवर ‘हो’ सोडून दुसरं उत्तर मिळालेलं नाही. त्याऐवजी म्हणायचं, ‘आता हेच कॅल्शियम क्लोराइडसाठी कर.’ कॅल्शियमची संयुजा 2, क्लोरीनची 1. तिरकस गुणाकार करून, म्हणजे एकाची संयुजा दुसऱ्याच्या खाली लिहून, त्याने ‘सी ए सी एल टू’ लिहिलं तर कळलं. ‘सी ए टू सी एल’ लिहिलं तर तिरकस गुणाकार म्हणजे नक्की कोणाचा आकडा कोणाकडे जातो, तिथे परत जायचं. बाकीचं सगळं पुन्हा सांगत बसायचं नाही.

समीकरण संतुलित करणं: शेंगदाणे आणि वाटाणे

समीकरण संतुलित म्हणजे दोन्ही बाजूंना प्रत्येक मूलद्रव्याचे अणू सारखेच. बहुतेकांची गाडी इथेच रुतते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

विषय आमच्याच खिडकीतला घेतला. खाडी जवळ असल्याने खाऱ्या, दमट हवेत इथले ग्रिल दोन पावसाळ्यांत तांबूस होतात. लोह आणि ऑक्सिजन मिळून फेरिक ऑक्साइड. (खरा गंज पाणी धरून असलेला असतो, पण ते नंतर.) शेंगदाणा म्हणजे लोहाचा अणू, वाटाणा म्हणजे ऑक्सिजनचा. नियम दोन. ऑक्सिजन हवेत जोडीने असतो, म्हणून वाटाणे दोन-दोनच उचलायचे. आणि तयार होणारी प्रत्येक पुडी ‘एफ ई टू ओ थ्री’ म्हणजे दोन शेंगदाणे, तीन वाटाणे अशीच हवी.

तिसऱ्या मजल्यावरची मुलगी करत होती, दहावीतला मुलगा शिकवत होता. तिने दोन शेंगदाणे घेतले, वाटाण्यांच्या दोन जोड्या घेतल्या, पुडी केली. एक वाटाणा उरला. तो तिने बोटाने इकडून तिकडे सरकवला आणि हळूच चौथा म्हणून पुडीत टाकला. मुलाचा हात वहीकडे गेला. मी नुसतं बघितलं. त्याने हात मागे घेतला आणि विचारलं, ‘आता पुडीचं नाव काय?’ ती म्हणाली, ‘एफ ई टू ओ फोर.’ मग स्वतःच, ‘असलं काही नसतं ना?’ तो गप्प. मिनिटभर पंख्याचाच आवाज. मग तिने उरलेला वाटाणा बाहेर काढला, आणखी एक जोडी घेतली, आणखी दोन शेंगदाणे घेतले. दोन पुड्या झाल्या, खाली काही उरलं नाही. मोजलं: लोहाचे 4 अणू, ऑक्सिजनचे 3 रेणू, फेरिक ऑक्साइडच्या 2 पुड्या.

तिने चौथा वाटाणा पुडीत कोंबला होता ना, तीच चूक परीक्षेत निम्मा वर्ग करतो. समीकरण जुळेना की मुलं सूत्रातला खालचा छोटा आकडा बदलतात. तो आकडा बदलला की पदार्थच बदलतो. ‘एच टू ओ’ म्हणजे पाणी, ‘एच टू ओ टू’ म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, जखम धुवायला आणि केस भुरे करायला वापरतात ते. तहान लागली म्हणून कोणी ते पीत नाही. म्हणून सूत्राच्या आधी लिहायचा मोठा आकडा हवा तेवढा बदला, खालच्याला हात लावायचा नाही.

लोह जमलं की त्याच धाटणीचं दुसरं द्या. पाइपने येणाऱ्या गॅसमध्ये मुख्यतः मिथेन असतो. एका मिथेनला जळायला ऑक्सिजनचे 2 रेणू लागतात, त्यातून कार्बन डायऑक्साइडचा 1 आणि पाण्याचे 2 रेणू मिळतात. आणि दहावीच्या धातुविज्ञानातली थर्मिट अभिक्रिया ठाण्याच्या मुलांना सांगायलाच हवी: ॲल्युमिनियम फेरिक ऑक्साइडमधून लोहाला हुसकून बाहेर काढतं, उष्णता एवढी निघते की लोह वितळून वाहतं आणि त्याने रूळ जोडतात. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली तेव्हा ही युक्ती नव्हती. हान्स गोल्डश्मिटने तिचं पेटंट 1895 मध्ये घेतलं. मुलांना विचारा, ॲल्युमिनियमच का जिंकतं? क्रियाशीलतेच्या श्रेणीत, म्हणजे जास्त क्रियाशील धातू वर अशा यादीत, ते लोहाच्या वर आहे म्हणून. बाजारातून ॲल्युमिनियमची पूड आणून करून बघू म्हणणारा एक तरी निघतोच. त्याला तिथेच गप्प करा.

उपमा द्या, आणि ती कुठे मोडते तेही सांगा

मुलं एकमेकांना उपमा भारी देतात. संयुजा म्हणजे हात: हायड्रोजनला एक, ऑक्सिजनला दोन, नायट्रोजनला तीन, कार्बनला चार. हायड्रोजनचा रेणू म्हणजे दोघांनी एकेक हात धरलेला आणि ऑक्सिजनचा रेणू म्हणजे फुगडी, दोघांचेही दोन्ही हात गुंतलेले, म्हणून दुहेरी बंध. हे मला कधी सुचलं नव्हतं, ते एका आठवीतल्या पाहुण्या मुलीचं.

पण तीच उपमा मिठाला लावली तर फसते. सोडियमचं इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे आतून बाहेर कवचांत इलेक्ट्रॉनांची वाटणी, 2, 8, 1. त्याचा बाहेरचा एक इलेक्ट्रॉन म्हणजे कर्जत लोकलच्या बाकावर अर्धवट टेकलेला चौथा माणूस, कधी उठेल सांगता येत नाही. क्लोरीनचं 2, 8, 7, म्हणजे तिथे नेमकी एक जागा रिकामी. सोडियम इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, क्लोरीन घेतो, आणि झालेले धन-ऋण आयन, म्हणजे विद्युतभार आलेले अणू, एकमेकांना ओढून धरतात. इथे हातात हात नाही. म्हणून आमच्या गटात उपमा देणाऱ्याला लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘आणि कुठे चालत नाही?’ उत्तर आलं नाही तर उपमा वहीत चढत नाही.

मोल: वाण्याकडे जाऊन या

मोल म्हणजे डझनासारखीच एक ठरलेली संख्या, पण प्रचंड मोठी; पदार्थाच्या रेणुवस्तुमानाएवढे ग्रॅम घेतले की एक मोल होतो. तो शब्दांनी समजत नाही, निदान आमच्या मुलांना नाही समजला. मग त्यांनी साखरेचं रेणुवस्तुमान, म्हणजे रेणूतल्या सगळ्या अणूंच्या वस्तुमानांची बेरीज, काढलं. कार्बन 12, हायड्रोजन 22, ऑक्सिजन 11 अणू: 144 अधिक 22 अधिक 176, एकूण 342. दोघांना वाण्याकडे पाठवलं, ‘342 ग्रॅम साखर द्या.’ तो म्हणाला, ‘साडेतीनशे घे की.’ पोरं हटली नाहीत. शेवटी त्याने इलेक्ट्रॉनिक काट्यावर चिमटीने काढून काढून बरोबर 342 केली आणि विचारलं, ‘प्रसादाला का?’

ऑफिसात ती पिशवी, शेजारी 58.5 ग्रॅम मीठ आणि वाटीत 18 ग्रॅम पाणी, म्हणजे जेमतेम साडेतीन चमचे. तिन्हीत एकेक मोल. साखरेचे आणि पाण्याचे रेणू तेवढेच, मिठाची सोडियम-क्लोराइड अशी एककंही तेवढीच: 6.022 गुणिले 10 चा 23 वा घात. ‘वजनं वेगळी, मग संख्या सारखी कशी?’ हा प्रश्न यावा म्हणूनच हा सगळा खटाटोप. उत्तर मुलांतूनच आलं. वाशीच्या बाजारातले डझनभर हापूस आणि डझनभर लिंबं, दोन्ही बाराच, पण पिशवी सारखी जड होत नाही.

हळद चालेल, फिनाइलची कपाटं नाहीत

घरी करून बघायचे प्रयोग स्वयंपाकघरातच ठेवा. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला टिपकागद धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने लाल होतो, लिंबाने पिवळाच राहतो. वरणाचा डाग साबण लावल्यावर का भडकतो ते इथे कळतं. पण हळद आम्ल आणि साधं पाणी यांत फरक दाखवत नाही. त्यासाठी जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात टाकून अर्क काढा. तो आम्लात गडद गुलाबी आणि आम्लारीत हिरवा होतो.

संडास साफ करायचं ॲसिड आणि कपड्यांचं ब्लीच कधीही एकत्र करू नये. क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेततो. हे पहिल्याच दिवशी सांगा, प्रयोगाचा उत्साह चढायच्या आत.

पाठांतराचं काय

काही गोष्टी पाठच लागतात, त्यात लाज नाही. पहिली 20 मूलद्रव्यं, मूलकांच्या (विद्युतभार असलेल्या अणूंच्या किंवा अणुगटांच्या) संयुजा. पत्त्यांएवढी कार्डं करा आणि शेवटची पाच मिनिटं खेळा. आवर्तसारणीचा इतिहास मात्र गोष्टीसारखा सांगा. डोबेरायनरचं त्रिक, म्हणजे सारख्या गुणांच्या तीन मूलद्रव्यांत मधल्याचं अणुवस्तुमान बाकी दोघांच्या सरासरीएवढं, तर मुलं स्वतः पडताळतात: लिथियम 6.9, पोटॅशियम 39.1, सरासरी 23, म्हणजे सोडियम. न्यूलँड्सची अष्टकं (दर आठव्या मूलद्रव्याचे गुण पहिल्यासारखे) सा रे ग म वर गाऊन दाखवणारी एक आमच्याकडे आहे, सूर यथातथाच.

कोणालाच येत नसेल तर

शिकवणारा चुकणारच. म्हणून एक शंकावही ठेवा. दोघांची उत्तरं जुळली नाहीत आणि पुस्तकातही सापडलं नाही, तर भांडण तिथेच थांबवून शंका तारखेसह वहीत लिहायची आणि एकाने ती शाळेत सरांना विचारायची, पुढच्या वेळी उत्तर वाचून दाखवायचं. व्हॉट्सॲपवर सोडवलेल्या उत्तराचा फोटो टाकायला आमच्याकडे बंदी आहे, कारण फोटो आला की पेन हातातून गेलंच. अडलं तर आवाजी निरोप पाठवायचा, तोही प्रश्नाच्या रूपात.

सध्या वहीत दोन शंका उभ्या आहेत. एक, मीठ पाण्यात विरघळणं हा भौतिक बदल की रासायनिक, कारण पाणी आटवलं की मीठ परत मिळतं, पण विरघळताना आयन सुटे होतात. दुसरी वाण्याची. त्याला पोरांनी सगळं सांगितलं, तेव्हा त्याने विचारलं की मग गुळाचा एक मोल किती ग्रॅमचा? पोरं परत आली ती वाद घालतच, गूळ हे संयुग आहे का मिश्रण. शनिवारी तेच आहे.