जुना स्पेक्ट्रम चालू करताना या चुका टाळा

माळ्यावरून झेडएक्स स्पेक्ट्रम खाली काढला की कधी एकदा प्लग लावून बघतो असं होतं. जरा थांबा. माझ्यासमोर दुरुस्तीला आलेली कितीतरी मशीन चाळीस वर्षं पडून राहिली म्हणून नाही, तर या घाईमुळे गेलेली होती. केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चने एप्रिल १९८२ मध्ये हा कॉम्प्युटर आणला. आपल्याकडे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ मध्ये परवाना घेऊन डीबी स्पेक्ट्रम प्लस विकला. तो घरात असेल, तरी खालचं सगळं त्यालाही लागू आहे.

सगळ्यात महागात पडते ती अडॅप्टरची चूक. ९ व्होल्टचा आहे म्हणजे चालेल, असं समजू नका. स्पेक्ट्रमला पिनेच्या आतल्या बाजूला मायनस आणि बाहेरच्या बाजूला प्लस लागतो. हल्ली मिळणारे बहुतेक अडॅप्टर नेमके उलटे असतात. शिवाय १.४ अँपिअर द्यायची ताकद हवी. मूळ अडॅप्टर मल्टिमीटरवर १२-१३ व्होल्ट दाखवतो म्हणून तो खराब समजून फेकूनही देऊ नका. त्यात रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) नाही, त्यामुळे लोड नसताना तो जास्त दाखवणारच.

दुसरी चूक, स्क्रीनवर कचरा दिसला की लगेच मेमरीच्या चिप बदलायला घेणं. खालच्या १६ के (किलोबाइट) मेमरीसाठी बोर्डवर ४११६ जातीच्या आठ चिप असतात आणि त्यांना तीन व्होल्टेज लागतात: +५, −५ आणि +१२. त्यातलं +५ हे ७८०५ रेग्युलेटर देतो, बाकीची दोन एक छोटी कॉइल आणि टीआर४ हा ट्रान्झिस्टर मिळून तयार करतात. ही जोडी बिघडून −५ गेलं आणि +१२ तसंच राहिलं, तर ४११६ मरतात. अशा बोर्डवर नव्या चिप बसवल्या की त्याही मरतात. मी स्वतः एकदा अशा चार चिप घालवल्या आहेत. म्हणून आधी मोजा: मल्टिमीटरचा काळा प्रोब ४११६ च्या १६ नंबरच्या पिनेवर, मग १ वर −५, ८ वर +१२ आणि ९ वर +५ यायला हवेत. हे तिन्ही बरोबर आल्याशिवाय सोल्डरिंग आयर्न गरम करू नका.

व्होल्टेज ठीक असतील तर पुढचं स्क्रीनच सांगते. चित्राची ६९१२ बाइट याच खालच्या मेमरीत, १६३८४ या पत्त्यापासून असतात आणि यूएलए नावाची चिप ती सतत वाचून टीव्हीला चित्र देते. आठ चिपपैकी प्रत्येकीकडे बाइटमधला एकच बिट. त्यामुळे अक्षराच्या प्रत्येक चौकोनात त्याच जागी उभी रेघ दिसत असेल, तर दोष एकाच चिपमध्ये आहे. आठही उपटायची गरज नाही.

चालू केल्यावर कॉपीराइटची ओळ व्यवस्थित येते पण मोठे गेम चढत नाहीत? मग हे टाइप करा: प्रिंट पीक (PRINT PEEK) २३७३२+२५६*पीक २३७३३. उत्तर ६५५३५ आलं तर पूर्ण ४८ के शाबूत आहे. ३२७६७ आलं तर मशीनला वरची ३२ के मेमरी दिसतच नाही. ते मुळात १६ के मॉडेल असेल, नाहीतर वरच्या चिपांच्या बाजूला बिघाड आहे.

हे टाइप करतानाही नवे लोक अडखळतात. इथे आज्ञा अक्षरं जोडून लिहायची नसते. लोड (LOAD) साठी ‘J’ हे एकच बटण दाबायचं. एल, ओ, ए, डी असं दाबलंत तर एल दाबताच लेट (LET) ही आज्ञा उमटते आणि एंटर मारल्यावर प्रश्नचिन्ह लुकलुकत राहतं.

केस उघडताना वरचा भाग झटकन उचलू नका. कीबोर्डच्या मेम्ब्रेनच्या (बटणांखालच्या पातळ प्लॅस्टिकच्या पडद्याच्या) दोन पट्ट्या बोर्डात खोचलेल्या असतात, एक पाच तारांची आणि एक आठ तारांची. वयाने त्या वाळक्या पानासारख्या कडक होतात आणि ओढल्या की तुटतात. १, क्यू, ए, कॅप्स शिफ्ट, ०, पी, एंटर आणि स्पेस ही आठ बटणं एकदम बंद असतील, तर पाच तारांच्या पट्टीतली एक तार गेली आहे. १ ते ५ बंद असतील तर आठवाली बघा. नवं मेम्ब्रेन मिळतं, जुनं चिकटवत बसू नका.

मागच्या एज कनेक्टरला (बोर्डची उघडी कडा, जिथे बाहेरची उपकरणं जोडतात) जॉयस्टिकचा इंटरफेस लावताना किंवा काढताना वीज बंदच हवी. मशीनला स्विच नाही, म्हणून लोक आळस करतात. इंटरफेस जरा तिरका बसला की शेजारच्या पट्ट्या शॉर्ट होतात.

टीव्हीचं चित्र येत नसेल तर अ‍ॅनालॉग यूएचएफ चॅनल ३६ च्या आसपास हाताने शोधा. डिजिटल स्कॅनला ते सापडणार नाही.

राहिली कॅसेट, जिच्यावरून प्रोग्राम लोड आणि सेव्ह होतात. सेव्ह करताना इअर (EAR) सॉकेटची वायर काढून ठेवा. लोड करताना आवाज पाऊणपट, ट्रेबल पूर्ण आणि हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलेलं हवं. मोबाइलवरून वाजवणार असाल तर वायरनेच, ब्लूटूथ नको, आणि नोटिफिकेशन बंद. एक टिंग वाजली तरी लोडिंग फसतं. बॉर्डरवर लाल-आकाशी पट्टे स्थिर आले की सिग्नल पोचला; त्यानंतर निळ्या-पिवळ्या बारीक रेघा सुरू झाल्याच नाहीत, तर आवाज थोडा कमी-जास्त करून टेप सुरुवातीपासून लावा.