खासदारांचा अतारांकित प्रश्न: विभागाला टाळता येणार नाही असा मसुदा कसा करावा

लोकसभेच्या रोजच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. टीव्हीवर दिसतात ते तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, आणि प्रश्नोत्तराच्या तासात त्यांतले मोजकेच चर्चेला येतात. अतारांकित प्रश्नावर उपप्रश्न विचारता येत नाही, त्याचे लेखी उत्तर सभागृहाच्या पटलावर ठेवले जाते. म्हणून पुष्कळ खासदारांची कार्यालये तो उरकून टाकतात. आकडे हवे असतील तर मात्र हाच रस्ता खात्रीचा. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच नव्हता, तरी अतारांकित प्रश्नांची उत्तरे येत होती.

मंत्रालय आणि तारीख

मसुद्याआधी विषय नेमका कोणत्या मंत्रालयाचा ते पाहा. अंदाजाने ठरवू नका, १९६१ चे कार्यवाटप नियम उघडा. मंत्रालयांचे पाच गट असतात आणि प्रत्येक गटाला सोमवार ते शुक्रवारपैकी एक वार नेमून दिलेला असतो. चुकीच्या मंत्रालयाकडे गेलेला प्रश्न दुसरीकडे वर्ग होतो आणि ठरवलेली तारीख हातची जाते.

प्रश्नाच्या सूचनेसाठी, म्हणजे तो विचारणार असल्याचे आधी कळवण्यासाठी, पूर्ण १५ दिवस लागतात. सूचना दिल्याचा दिवस आणि उत्तराचा दिवस यांत धरत नाहीत. उत्तर २५ तारखेला हवे असेल, तर सूचना ९ तारखेपर्यंत जायला हवी. १० ला दिली तर गेली. शेवटच्या तारखांचा तक्ता लोकसभेच्या बुलेटिनच्या दुसऱ्या भागात येतो, तो भिंतीवर लावून ठेवावा. एका दिवसासाठी एका सदस्याच्या तारांकित-अतारांकित मिळून पाचच सूचना चालतात, तेव्हा किरकोळ विषयांवर त्या खर्चू नयेत.

मसुदा कार्यालयात कोणीही करो, लोकसभेच्या सदस्यांसाठीच्या पोर्टलवर तो खासदारांनी स्वतःच टाकावा. लॉगिन बाहेरच्या माणसाला दिल्याच्या प्रकरणात डिसेंबर २०२३ मध्ये एका सदस्याची खासदारकी गेली. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये दोन्ही सभागृहांतून मिळून ११ जणांची हकालपट्टी झाली होती. संघटना, कंपन्या, वकील प्रश्न लिहूनच आणून देतात. कोणाचा कागद कधी आला याची नोंद ठेवा.

मसुदा

विधानसभेच्या प्रश्नांवर हात बसलेला माणूस लोकसभेसाठीही ‘हे खरे आहे काय’ असेच लिहायला घेतो. विधिमंडळात ती रूढ चौकट आहे: हे खरे आहे काय, असल्यास चौकशी केली काय, त्यात काय आढळले, नसल्यास विलंबाची कारणे काय. या साखळीत पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ म्हटले की खालचे सगळे भाग ‘प्रश्न उद्भवत नाही’ म्हणून निकालात निघतात. विभागातला मुरलेला कक्ष अधिकारी अशाच प्रश्नाची वाट पाहत असतो.

धोरणावरच्या प्रश्नात दुसराही धोका आहे. उत्तराच्या मर्यादेत मावणार नाही इतका व्यापक धोरणात्मक मुद्दा लोकसभेच्या कामकाज नियमांतील नियम ४१ खाली स्वीकारलाच जात नाही. मत मागणे, तर्क लढवणे, टोमणा, जर-तरची भाषा, न्यायप्रविष्ट बाब, आधी उत्तर मिळालेला प्रश्न, सहज उपलब्ध कागदपत्रांतली माहिती हेही बाद. शब्दमर्यादा साधारण १५०. त्यामुळे ‘पीक विमा धोरण फसले आहे काय’ असे विचारून उपयोग नाही. स्वीकारला गेलाच, तर योजना २०१६ पासून सुरू आहे, २०२० च्या खरिपापासून ऐच्छिक आहे, वगैरे तीन परिच्छेद मिळतात. तेही ‘(१) ते (५)’ असे सगळे भाग एकत्र बांधून.

त्याऐवजी असे लिहा:

(१) राष्ट्रीय पीक विमा पोर्टलवरील नोंदींनुसार २०२२-२३ ते २०२४-२५ या काळात महाराष्ट्रात जमा झालेला एकूण विमा हप्ता आणि त्यातील शेतकरी, राज्य व केंद्र यांचा वाटा, वर्षनिहाय व हंगामनिहाय;
(२) याच काळात मंजूर झालेली आणि प्रत्यक्ष खात्यात जमा झालेली भरपाई, जिल्हानिहाय;
(३) ३१ मार्च २०२५ रोजी थकीत भरपाई, कंपनीनिहाय, कारणांसह;
(४) राज्याच्या अनुदानाचा हिस्सा कंपन्यांना मिळाल्याच्या तारखा, हंगामनिहाय;
(५) उशिराबद्दल १२ टक्के दराने आकारलेले व शेतकऱ्यांना दिलेले व्याज.

यात ‘असल्यास’ कुठेही नाही. एक भाग चुकवला तरी बाकीचे उभे राहतात. पोर्टलचे नाव मुद्दाम घातले आहे: शेती राज्याचा विषय असल्याने ‘जिल्हानिहाय माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही’ हे उत्तर तयारच असते, पण नोंद केंद्राच्याच पोर्टलवर असेल तर तसे म्हणणे अवघड जाते. ‘मंजूर’ आणि ‘जमा’ वेगळे मागितले नाहीत, तर मोठा आकडाच पुढे येतो. ‘आजपर्यंत’ लिहिले तर विभाग सोयीची तारीख धरतो, म्हणून तारीख आपणच द्यावी. भाग (४) सर्वांत महत्त्वाचा, कारण भरपाई रखडली की कंपनी राज्याकडे बोट दाखवते आणि राज्य कंपनीकडे. तारखा हाती आल्या की कोण खरे ते कळते.

‘सरकार कोणती पावले उचलत आहे’ हा भाग शक्यतो गाळाच. तो असला की उत्तराची दोन पाने त्यातच जातात.

उत्तर आल्यावर

आधी उत्तराला जोडलेले आकड्यांचे विवरणपत्र वाचा, मग मजकूर. बेरजा करून पाहा, मागच्या वर्षीच्या उत्तराशी ताडून पाहा. त्याच वर्षाचे दोन उत्तरांतले आकडे वेगळे निघाले, तर पुढचा प्रश्न आयता मिळाला. त्यात आधीच्या उत्तराचा क्रमांक व तारीख घाला आणि फक्त फरकाचे कारण विचारा, म्हणजे पुनरावृत्तीच्या नावाखाली तो नाकारला जाणार नाही.

उत्तर सरळसरळ चुकीचे असेल, तर अध्यक्षांच्या निर्देश ११५ खाली पुराव्यासह लेखी कळवता येते. उत्तर बरोबर पण अपुरे असेल आणि विषय पुरेसा सार्वजनिक महत्त्वाचा असेल, तर अर्ध्या तासाच्या चर्चेची सूचना द्या. ती तीन दिवस आधी द्यावी लागते आणि चर्चा सोमवार, बुधवार, शुक्रवारी होते. लेखी उत्तरावरही ती मागता येते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते.

‘माहिती गोळा करण्यात येत असून पटलावर ठेवली जाईल’ असे उत्तर आले तर निराश होऊ नका. ते आश्वासन ठरते आणि सरकारी आश्वासन समितीकडे नोंदले जाते. पूर्ततेला तीन महिन्यांची मुदत असते, मुदतवाढी मात्र सर्रास मागितल्या जातात. अशा प्रश्नांची वेगळी वही ठेवा: प्रश्न क्रमांक, उत्तराची तारीख, मुदत संपण्याची तारीख. मुदत उलटली की समितीला खासदारांच्या सहीचे पत्र पाठवा, आणि पुढच्या अधिवेशनात त्याच मंत्रालयाच्या वाराला किती आश्वासने प्रलंबित आहेत तेवढेच विचारा.