कीबोर्ड-कॉम्प्युटरवर गाणी करताना मनगट सांभाळायचं कसं

गणेशोत्सव जवळ आला की कोल्हापुरातल्या घरगुती स्टुडिओंत मंडळांच्या गाण्यांची कामं एकदम वाढतात. रोज तासभर वाजवणारा हात अचानक सात-आठ तास राबायला लागतो आणि मनगट आठवड्याभरात बोलू लागतं. शक्य असेल तर ही वाढ दोन-तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्यानं करा. त्याहून आधी मात्र टेप घेऊन उंची मोजा, कारण बहुतेक दुखण्याचं मूळ तिथंच असतं.

नेहमीचं टेबल 75 सेंमी उंच असतं. त्यावर कंट्रोलर (कॉम्प्युटरला जोडायचा पट्ट्यांचा कीबोर्ड) ठेवला की पट्ट्या 82-83 सेंमीवर जातात. साध्या 45 सेंमीच्या खुर्चीत बसल्यावर आपलं कोपर साधारण 65 ते 68 सेंमीवर असतं. मग खांदे वर चढतात, मनगट मागं मोडतं, आणि त्याच वाकलेल्या अवस्थेत बोटांचे स्नायुबंध (स्नायू हाडाला जोडणारे दोर) तासन्‌तास घासत राहतात. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून नऊ स्नायुबंध आणि एक मोठी नस (मज्जातंतू) जाते. मनगट वाकलं की तिथला दाब वाढतो.

उपाय सुताराकडे आहे. टेबलाखाली चॅनेलवर सरकणारा 18 मिमी प्लायचा ट्रे करून घ्या, पृष्ठभाग जमिनीपासून 64-65 सेंमी. 61 पट्ट्यांचा कंट्रोलर मीटरभर लांब असतो. उजवीकडे माउससाठी 25 सेंमी धरून ट्रे सव्वा मीटरचा हवा. कंट्रोलर पातळ निवडा, नाहीतर ट्रे आणखी खाली घ्यावा लागतो आणि मांड्या अडकतात. बैठक 48-50 सेंमीपर्यंत उंचवा, पाय टेकत नसतील तर खाली पाट ठेवा. बसून पाहा: हाताचा पुढचा भाग जमिनीला समांतर, मनगट त्याच रेषेत. एक्स-स्टँड (फुलीसारख्या पायांचा स्टँड) खाली घेतला की त्याचे पाय फाकतात आणि गुडघ्यांना जागा उरत नाही, म्हणून बसून वाजवायला तो टाळा.

पेटीवरून आलेल्यांनी एक फरक लक्षात घ्यावा. पेटीत आवाज भात्यानं वाढतो. इथं पट्टी किती वेगानं खाली जाते त्यावर ठरतो. पट्टी तळाला लागल्यावर दाबून धरलेल्या जोरानं आवाज वाढत नाही. जोरात ठोकावं लागत असेल तर कंट्रोलरचा टच ‘सॉफ्ट’ करा, म्हणजे हलक्या बोटानंही मोठा आवाज येतो, आणि हेडफोनमध्ये आपल्या वाजवण्याचा आवाज वाढवा. पॅडवर (बोटांनी ठोकायच्या रबरी चौकोनांवर) हलगी वाजवतानाही आधी संवेदनशीलता वाढवा.

मोठी झीज माउसनंही होते, आणि त्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. हलगीचा ठेका पियानो रोलमध्ये (स्क्रीनवरच्या स्वरांच्या चौकटीत) एकेक नोट टिचकीनं भरणं म्हणजे शेकडो क्लिक. त्याऐवजी दोन आवर्तनं वाजवून रेकॉर्ड करा, क्वांटाइज करा (म्हणजे ठोके आपोआप तालात बसतात), कॉपी करा. कॉपी, अनडू, झूम, रेकॉर्ड यांचे शॉर्टकट डाव्या हाताला लावा. माउस कोपरातून हलवा आणि तो कंट्रोलरच्या मागे कधीच ठेवू नका. टायपिंगच्या कीबोर्डचे मागचे पाय मिटवून ठेवा, ते मनगट आणखी वाकवतात. जेलची उशी फक्त थांबल्यावर टेकायला. तिच्यावर मनगट दाबून काम केलं तर नेमका बोगद्यावरच भार येतो.

अर्ध्या तासाला दोन मिनिटं हात खाली सोडा. एसीच्या खोलीत सुरू करण्याआधी कोमट पाण्यात हात बुडवा. दुखत असताना ताणू नका, आणि बाम लावून त्याच जोरानं वाजवणंही नको.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट रात्री बधिर होत असतील किंवा वस्तू हातातून निसटत असतील तर ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. मनगट सरळ ठेवणारा पट्टा बहुधा रात्रीसाठी देतात. तो घालून वाजवलं तर बोटांवरचा ताण वाढतो. मुंग्या करंगळीकडे येत असतील तर बऱ्याचदा कोपराजवळची नस दाबलेली असते, तेव्हा टेबलाच्या कडेवर कोपर टेकवून माउस चालवणं आधी बंद करा.