पदोन्नतीसाठी महिन्याकाठी चार ओळी

शासकीय सेवेत पदोन्नतीच्या वेळी पाहिला जाणारा कार्यमूल्यमापन अहवाल १ एप्रिल ते ३१ मार्च या कालावधीचा असतो आणि स्वयंमूल्यमापन लिहायला बसल्यावर मागील मे-जूनमधील कामे सहसा आठवत नाहीत. मग ‘सोपविलेली कामे वेळेत पूर्ण केली’ असे मोघम वाक्य लिहिले जाते, ज्यावरून प्रतिवेदन अधिकाऱ्याला (अहवाल लिहिणाऱ्या वरिष्ठाला) चांगली प्रतवारी देणे अवघड जाते.

१. महिन्याच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवशी वहीत चार ओळी लिहाव्यात: काम, दिनांक, जावक क्रमांक आणि निकाली निघालेल्या प्रकरणांची संख्या.

२. रजेवरील सहकाऱ्याचा सांभाळलेला कार्यभार, निवडणुकीचे काम किंवा लेखापरीक्षणातील आक्षेपांची पूर्तता यांची नोंद आवर्जून करावी, कारण नेमकी हीच कामे विस्मरणात जातात.

३. मार्चअखेर त्यांतील ठळक पाच-सहा नोंदी आकड्यांसह अहवालात उतरवाव्यात. ‘४० प्रलंबित प्रकरणांपैकी ३६ निकाली काढली’ अशा वाक्याला विशेषणाची गरज उरत नाही.

अहवाल सादर केल्याची पोच जपून ठेवावी. मात्र वहीत कागदपत्रांचे केवळ क्रमांक आणि दिनांक असावेत. गोपनीय कागदपत्रांच्या प्रती घरी नेणे किंवा मोबाईलमध्ये त्यांची छायाचित्रे ठेवणे शिस्तभंगाच्या कारवाईस निमंत्रण देऊ शकते.