बोलका टॅब आणला, पोरगं तरी गप्पच? या चुका टाळा

टॅब घरी आला तेव्हा माझ्या मुलाच्या पहिल्या पानावर सहा चित्रं होती. पाणी, दूध, शू, भूक, केळं, बिस्कीट. सगळी मीच निवडलेली. चित्र दाबलं की टॅब तो शब्द बोलायचा. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, सगळं समजतं, पण तोंडातून शब्द फुटत नाही. आम्हाला वाटलं, आता सुटलो. पण गडी दिवसातून दोनदा हात लावायचा, तेही मी मागं लागले तर.

एक दिवस त्याची आत्या आली. तिनं येऊन टीव्हीवरची क्रिकेटची मॅच बदलली आणि मालिका लावली. हा लगेच टॅबवर, ‘पाणी’. दिलं, तर तोंड फिरवलं. परत ‘पाणी, पाणी’. परत भांडं पुढं केलं, तर हातानं उडवलं. आत्या म्हणाली, ह्याला कळत नाही गं त्यातलं. पुढच्या खेपेला स्पीच थेरपीच्या मॅडमना हे सांगितलं. त्यांनी टॅब माझ्याच हातात दिला आणि म्हणाल्या, “मॅच लाव, हे नको, असं तुम्ही ह्यावर म्हणून दाखवा.” मी पान बघत बसले. सहाही बटणं माझ्या सोयीची होती. त्याच्या मनातलं सांगणारं त्यात एकही नव्हतं.

आमच्या पुढच्या बहुतेक चुका ह्याच एका चुकीच्या बहिणी निघाल्या.

नुसती नामं भरणं

खाण्यापिण्याच्या वस्तूंची पानंच्या पानं भरली की मूल मागणारं होतं, बोलणारं होत नाही. आपण दिवसभर जे बोलतो त्यातलं बहुतेक दोन-चारशे शब्दांतच येतं, आणि त्यात वस्तूंची नावं थोडी. मॅडम त्यांना ‘कोअर’ शब्द म्हणतात. मराठीत ते कुठले हे शोधायला मी दोन दिवस स्वयंपाकघरात कान देऊन बसले आणि गॅसशेजारच्या कॅलेंडरवर लिहीत गेले: मला, तू, दे, नको, अजून, परत, बास, थांब, चल, बघ, काय, कुठं, ते, माझं, झालं, नाही.

‘नको’ पहिल्या पानावर आणि मोठं ठेवा. ‘नको’ आल्यावर आठवडाभर आमच्या घरात दुसरा शब्द नव्हता. अंघोळ नको, वरण नको, आजी नको. सासूबाईंना लागलं ते. पण यंत्र चालायला लागलं ते त्या आठवड्यात.

भांडायचे शब्दही द्या. ‘गप’, ‘खोटं’, ‘तिनं केलं’. ‘तिनं केलं’ घातल्यावर तिसऱ्याच दिवशी साताऱ्याहून आलेल्या कंदी पेढ्यांचा खोका अर्धा रिकामा सापडला. ह्यानं टॅबवर सांगितलं, ‘तिनं केलं’, बहिणीकडं बघत. पेढा त्याच्या हनुवटीला चिकटलेला होता. मी रागावले आणि आत जाऊन हसले. खोटं बोलायला किती भाषा लागते!

इंग्रजी पानाचं नुसतं भाषांतर

तयार पानं बरेचदा इंग्रजीवरून उतरवलेली असतात. इंग्रजीत क्रियापद मधे येतं, आपलं शेवटी. त्यामुळं बटणं डावीकडून उजवीकडं दाबत गेलं की ‘मला दे भाकरी’ होतं. आम्ही माणसं डावीकडं, वस्तू मधे आणि दे, चल, बघ हे सगळं उजवीकडं नेलं. आता बोट जसं सरकतं तसं वाक्य होतं.

दुसरी अडचण विभक्तीची. ‘शाळा’ दाबून ‘ला’ दाबलं की टॅब ‘शाळाला’ म्हणतो. ह्यावर व्याकरणाचा तास घेऊ नका. घरी, शाळेत, बाहेर, आजीकडं अशी नेहमीची रूपं तयारच ठेवा आणि बाकी ‘शाळाला’ चालू द्या. बोलणारी लहान मुलंही आधी असंच बोलतात.

मुलगी असेल तर ‘मी जातो’ की ‘मी जाते’? पुस्तकातलं उत्तर सोपं आहे. पण आपल्या सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात कितीतरी मुली ‘मी आलो’, ‘मी जातो’ असंच म्हणतात. तुमच्या घरात जे चालतं ते घाला. टॅबमधली पोरगी घरातल्या पोरींपेक्षा वेगळं बोलायला लागली तर तिला ते आपलं वाटणार कसं?

परीक्षा घेणं

“सांग बरं, केळं कुठंय? पाहुण्यांना दाखव!” हे मी कितीदा केलं असेल. केळं समोर ताटात, सगळ्यांना दिसतंय, मग तो कशाला सांगेल? दहा वेळा विचारलं की अकराव्यांदा टॅब बघूनच मान फिरते.

बोलणारं बाळ पहिला शब्द काढायच्या आधी वर्षभर मराठी ऐकतं. टॅबवर बोलणाऱ्या मुलाला मात्र टॅबवर बोलणारं दुसरं माणूसच दिसत नाही. म्हणून आपण बोलताना आपणच बटणं दाबायची. सगळं वाक्य नको, एखाद-दुसरा शब्द. “चल, बाहेर जाऊ” म्हणताना नुसतं ‘चल’, ‘बाहेर’. भांडं पडलं तर ‘अरे’. त्याचा हात धरून दाबायला लावू नका. तो शब्द तुमचाच होतो, त्याचा नाही. महिनाभर तो नुसता बघेल. बघू द्या.

आणि थांबा. आपण मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्द बोलतो. यंत्रावरून बोलणाऱ्याला दहा-पंधरा जमले तरी पुष्कळ. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजायचं. मी सातव्याला तोंड उघडायचे, म्हणून पदराचं टोक दातात धरून बसायला लागले.

‘ह्याची सवय लागली तर बोलणारच नाही’

ही भीती आमच्या सासऱ्यांनाही होती. आधी बोलण्याची वाट बघू, मग टॅब, ह्यात आमची दोन वर्षं गेली. २००६ साली अमेरिकेत ह्यावरच्या अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांच्याबद्दलचा पुरावा पक्का ठरला अशा २७ जणांपैकी एकाचंही तोंडचं बोलणं कमी झालेलं नव्हतं, आणि बहुतेकांचं थोडंफार वाढलंच होतं. आधी चित्रं ओळखू दे, आधी नीट बसू दे, असल्या अटीही घालू नका.

बटणं हलवणं

मिसळणाचा डबा उघडला की न बघता हात हळदीवर जातो. कुणी वाट्यांची अदलाबदल केली तर फोडणीचा सत्यानाश ठरलेला. टॅबचं तसंच आहे. बोटाला जागा पाठ होते. आमच्या भाच्यानं दिवाळीच्या सुट्टीत हौसेनं पान ‘नीट लावून’ दिलं, चित्रं रंगाप्रमाणं वगैरे, आणि पोरगं पंधरा दिवस चाचपडत होतं. म्हणून सुरुवातीलाच घरं जास्त असलेलं पान घ्या, आज नको असलेले शब्द झाकून ठेवा आणि लागतील तसे जागच्या जागी उघडा. सहा घरांवरून चाळीस घरांवर उडी मारली की सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं.

आवाजच येत नाही? हे आधी बघा

एका लग्नाला साताऱ्याला गेलो होतो. हॉलमध्ये टॅब मुका. बंद करून चालू केला, तरी मुका. थोड्या वेळानं ड्रायव्हर गाडीतून उतरून आला. वहिनी, म्हणाला, गाडी बोलायलीय, ‘कंटाळा, घरी चल’ म्हणतीय. टॅबचा ब्लूटूथ गाडीच्या स्पीकरला जोडलेला राहिला होता.

तर आधी ब्लूटूथ बंद करा. मग मीडियाचा आवाज बघा, तो रिंगच्या आवाजापेक्षा वेगळा असतो. नेट नसलेल्या ठिकाणीच मुका होत असेल, तर सेटिंग्जमध्ये टेक्स्ट-टू-स्पीचमध्ये जाऊन मराठी आवाज उतरवून ठेवा. शब्द भलत्याच हेलात आले तर तिथं हिंदी किंवा इंग्रजी आवाज निवडलेला असतो.

मराठी ‘च’ दोन तऱ्हेचा, चहातला वेगळा आणि चमच्यातला वेगळा. लिहिण्यात फरक दिसत नाही, म्हणून यंत्र कधी कधी फसतं. ‘ज’चंही तेच. असल्या बटणाला घरच्याच कुणाचा आवाज रेकॉर्ड करून लावा, शक्यतो त्याच वयाच्या मुलाचा. पण मुख्य आवाज एकदा ठरला की उगाच बदलत राहू नका. स्टीफन हॉकिंगची वाचा १९८५ साली शस्त्रक्रियेत गेली. नंतर चांगले आवाज निघाले तरी त्यांनी आपला तो जुना यांत्रिक आवाज सोडला नाही.

एका जागी दोनदा लागतं किंवा शेजारचंच लागतं? बोट टेकल्यावर नाही तर उचलल्यावर शब्द यावा, अशी सोय बऱ्याच अ‍ॅपमध्ये असते, ती लावा. हात घसरत असेल तर बटणांच्या जागी भोकं असलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी वर बसवतात. नावाच्या पाट्या करणाऱ्या दुकानात ती कापून मिळते, माप मात्र स्वतः नेऊन द्या. तो सारखा यूट्यूबवर पळतो? अँड्रॉइडमध्ये स्क्रीन पिन, आयपॅडमध्ये गाइडेड अ‍ॅक्सेस ही सोय लावा, म्हणजे टॅब एकाच अ‍ॅपवर राहतो.

पानांचा बॅकअप दर महिन्याला टॅबच्या बाहेर घ्या. आमची सव्वा वर्षाची मेहनत एकदा बादलीत पडली. खरोखर बादलीत, बाथरूमच्या.

महागडं यंत्र आधी घेऊन मग थेरपिस्ट शोधू नका, उलटं करा. मुंबई आयआयटीत तयार झालेलं जेलो हे अ‍ॅप फुकट आहे आणि मराठीत आहे. जुन्या फोनवर ते टाकून महिनाभर बघा, मग ठरवा.

टॅब काढून घेणं

मस्ती केली म्हणून टॅब कपाटात? बोलणाऱ्या पोराच्या तोंडाला आपण चिकटपट्टी लावत नाही. एका शाळेत बाईंनी ‘वर्गात मधेच बोलतो’ म्हणून टॅब दप्तरात ठेवायला लावला होता. मी त्यांना म्हटलं, बाकीची पोरं मधे बोलली तर त्यांना काय करता? ‘गप्प बस’ म्हणते, म्हणाल्या. मग ह्यालाही तेच म्हणा.

कागद न ठेवणं

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीत आमच्या गावभागात शिरलं. आम्ही मिळेल ते उचलून कुपवाडला भावाकडं गेलो. टॅब पिशवीत होता, चार्जर घरी. लाईट नाही, माणसं दहा, आणि सहा वर्षांच्या पोराला एक शब्द बोलता येत नाही. तो दोन दिवस रडला, आणि का रडतोय ते कुणाला कळलं नाही. तिसऱ्या दिवशी भावाच्या मुलीनं वहीच्या पानावर टॅबसारखीच घरं आखली आणि बटणं होती त्याच जागी शब्द लिहून चित्रं काढली. त्यानं बोट ठेवलं, ‘घर’, मग ‘कुठं’.

पुढं झेरॉक्सच्या दुकानात ते पान लॅमिनेट करून घेतलं. अंगणात उन्हात टॅब दिसत नाही, अंघोळीला चालत नाही, तिथं हेच. बोट नेता येत नसेल तर एकेक ओळ आपण सावकाश वाचायची आणि त्याच्या डोळ्यांचा होकार बघायचा. एक प्रत फ्रिजवर असते, एक पिशवीत, आणि शब्द वाढले की नवीन काढतो. मागच्या खेपेला त्यानं सांगून ‘आजी’च्या शेजारी ‘गप’ घालून घेतलंय. सासूबाई म्हणतात, जागा बदला. मी म्हटलं, बटणं हलवायची नाहीत.